बदलीच्या फॉर्मवर नसलेला रकाना

आमच्या कंपनीचा बदलीचा फॉर्म एका पानाचा होता. नाव, टोकन नंबर, सध्याचा विभाग, नवा विभाग, रिलीव्ह होण्याची तारीख, रुजू होण्याची तारीख, सामानाचं अंदाजे वजन, सोबत येणाऱ्या कुटुंबीयांची संख्या. खाली तीन सह्यांच्या जागा. पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्यातल्या एका इंजिनिअरिंग कंपनीच्या पर्सोनेल खात्यात मी बावीस वर्षं होते. पुढे दारावरची पाटी बदलून एचआर झाली, फॉर्म मात्र तोच राहिला. शेकडो माणसांचे फॉर्म मी भरून घेतले. त्यातला एक अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

कास्टिंग तपासणारे एक सिनिअर इन्स्पेक्टर समोर बसले होते. एकोणीस वर्षांची नोकरी. कंपनीने तमिळनाडूत होसूरला नवा कारखाना काढला होता आणि तिथलं तपासणीचं काम उभं करायला जाणता माणूस हवा होता. निवड अगदी योग्य होती. कास्टिंगवर हातोडीचा एक टोला मारून, आवाजावरून आत पोकळी आहे की नाही हे सांगणारे ते गृहस्थ. पगार वाढणार होता, हुद्दा वाढणार होता. त्यांनी फॉर्म वाचला, पेन उचललं, परत खाली ठेवलं आणि विचारलं, "मॅडम, होसूरला डायलिसिसचं मशीन कुठं आहे, ते कळेल का?"

त्यांच्या आईचं डायलिसिस चालू होतं. आठवड्यातून तीन दिवस, दर वेळी चार तास. चिंचवडला घरापासून रिक्षाने दहा मिनिटांवर सेंटर, सकाळी सातची पाळी ठरलेली, सुई टोचणारी सिस्टर ओळखीची. "जागा मिळेल हो तिथं," ते म्हणाले, "पण मधेच तिच्या पायात पेटके येतात. इथं ती 'अगं बाई, थांबव जरा' म्हणते आणि सिस्टर मशीन हळू करते. तिथं ती काय म्हणणार? तिला मराठीशिवाय काही येत नाही." मी फॉर्मकडे पाहिलं. सामानाच्या वजनाला रकाना होता. या प्रश्नाला नव्हता. मी त्यांना म्हटलं, चौकशी करून सांगते. चौकशी करायची कुणाकडे, हे मलाही ठाऊक नव्हतं.

ते एकटे गेले. आई, बायको आणि दोन मुलं चिंचवडलाच राहिली. महिन्यातून दोनदा होसूरहून बेंगळुरू, तिथून रात्रीच्या बसने पुणे, असा प्रवास त्यांनी चौदा महिने केला आणि मग राजीनामा देऊन भोसरीतल्या एका लहान वर्कशॉपमध्ये कमी पगारावर रुजू झाले. एकोणीस वर्षांत कमावलेला कान कंपनीने घालवला. आमच्या वार्षिक अहवालात ही घटना 'कर्मचारी गळती' या आकड्यात एकने भर, एवढीच उरली.

तेव्हापासून माझं एक मत पक्कं झालं आहे. कंपनी बदलीचं नियोजन करते तेव्हा ती एक माणूस हलवते आहे असं समजून करते, आणि हलतं ते सगळं बिऱ्हाड. एका खुर्चीवरून दुसऱ्या खुर्चीवर एक नाव जातं, त्याच्यामागे एक शाळा सुटते, एक नोकरी जाते, एक डॉक्टर तुटतो, कधी एक भाषाच सुटते. या सगळ्याचा विचार करायची जबाबदारी आपण आजवर त्या कुटुंबावर टाकली आणि तिला 'वैयक्तिक अडचण' असं नाव दिलं. माझ्या मते ती कंपनीच्या कामाचाच भाग आहे, आणि जी कंपनी तो भाग करत नाही तिने बदलीचं नियोजन केलंच नाही असं म्हणायला हवं.

यावर पहिलं उत्तर मिळतं ते नेमणूकपत्राचं. 'आपली बदली कंपनीच्या भारतातील कोणत्याही शाखेत, विभागात किंवा सहयोगी कंपनीत होऊ शकेल' हे वाक्य आता बहुतेक नेमणूकपत्रांत असतं. मी स्वतः ते कितीतरी वेळा टाईप करून घेतलं आहे. बावीस-तेवीस वर्षांचा मुलगा पहिली नोकरी लागल्याच्या आनंदात त्यावर सही करतो. त्याला तेव्हा बायको नाही, मूल नाही, आईवडील हिंडते-फिरते आहेत. वीस वर्षांनी तेच वाक्य त्याच्यापुढे धरलं जातं. कायद्याच्या दृष्टीने ती संमतीच आहे. पण या संमतीला कायद्यानेही मर्यादा घातल्या आहेत, आणि त्या फारशा कुणी सांगत नाही.

सर्वोच्च न्यायालयाचा १९६० चा एक निवाडा आहे, कुंदन शुगर मिल्सचा. उत्तर प्रदेशातल्या अमरोह्याच्या साखर कारखान्यातले कामगार. मालकांनी नंतर बुलंदशहरचा दुसरा कारखाना घेतला आणि काही कामगारांना तिकडे जायला सांगितलं. त्यांनी नकार दिला, तेव्हा त्यांना काढून टाकण्यात आलं. न्यायालयाने म्हटलं की हे लोक नोकरीला लागले तेव्हा दुसरा कारखाना अस्तित्वातच नव्हता, करारात तशी अट नव्हती, म्हणून मालकाला त्यांना तिकडे पाठवण्याचा आपसूक अधिकार नाही. नेमणूकपत्रांत 'कोणत्याही शाखेत' हे वाक्य इतक्या आवर्जून का घातलं जातं, ते या निवाड्यावरून कळतं.

दुसरा निवाडा अलीकडचा, २०२१ चा. कपारो इंजिनिअरिंग या कंपनीने मध्य प्रदेशातल्या देवासच्या कारखान्यातून नऊ कामगारांची बदली राजस्थानात अलवर जिल्ह्यातल्या चोपांकी इथे केली. अंतर सुमारे ९०० किलोमीटर. देवासला त्यांची पंचवीस-तीस वर्षं गेलेली. नव्या जागी राहायला वस्ती नाही, मुलांच्या शिक्षणाची आणि औषधोपचाराची सोय नाही, असं त्यांचं गाऱ्हाणं होतं. शिवाय कामगाराचा सुपरवायझर होणार होता, म्हणजे कामगार कायद्याचं संरक्षणही सुटणार होतं. ही बदली सर्वोच्च न्यायालयात टिकली नाही. मला या निकालातली एक गोष्ट महत्त्वाची वाटते. शाळा, दवाखाना आणि राहायची जागा हे शब्द देशातल्या सर्वांत मोठ्या न्यायालयापर्यंत जाऊन पोहोचले, तेही कामगारांच्या तोंडून. कंपनीच्या बदलीच्या फाइलमध्ये ते आधीच यायला हवे होते.

महाराष्ट्राने तर १९७१ च्या कामगार संघटना मान्यता आणि अनुचित कामगार प्रथा कायद्यातच लिहून ठेवलं होतं की व्यवस्थापनाच्या धोरणाचा बुरखा पांघरून वाईट हेतूने केलेली बदली ही अनुचित प्रथा आहे. पण हे कलम हेतूबद्दल आहे. वाईट हेतू सिद्ध करायचा तर वर्षानुवर्षं कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागतात. आणि माझ्या अनुभवात दहातल्या नऊ बदल्यांमागे वाईट हेतू नसतो. आमच्या होसूरच्या बदलीतही नव्हता. तिथे नुसती बेफिकिरी होती. बेफिकिरीसाठी कुठल्याही कायद्यात कलम नाही, म्हणून ती नियोजनातच अडवावी लागते.

सरकारने आपल्या माणसांसाठी या बाबतीत काही पावलं टाकली आहेत, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. अण्णा हजारे यांच्या आंदोलनात ज्या मागण्या होत्या त्यांतून पुढे आलेला राज्याचा बदल्यांचा कायदा २००५ चा. एका जागी साधारण तीन वर्षं, बदल्या वर्षातून एकदा आणि त्याही एप्रिल-मे महिन्यात, मधल्या बदलीसाठी लेखी कारण आणि वरची मंजुरी. हा कायदा रोज मोडला जातो, मंत्रालयात बदल्यांचा बाजार भरतो, महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात, म्हणजे मॅटमध्ये, खटल्यांचा ढीग आहे, हे सगळं खरं. पण मॅटमध्ये जाता येतं कारण हातात धरायला एक कागद आहे. एप्रिल-मे हे दोन महिने ज्याने लिहिले, त्याच्या मनात शाळेचं वेळापत्रक होतं. केंद्राच्या नियमांत नव्या जागी हजर व्हायला हजार किलोमीटरपर्यंत दहा दिवस, दोन हजारापर्यंत बारा आणि त्यापुढे पंधरा दिवस मिळतात. नेहमीच्या बदलीत मूळ पगाराच्या ८० टक्के अनुदान मिळतं. सामानाचं वजनसुद्धा पगाराच्या पातळीप्रमाणे १,५००, ३,००० किंवा ६,००० किलो असं ठरलेलं आहे. खासगी कंपनीत मी 'सोमवारी जॉइन व्हा' असे शुक्रवारी गेलेले मेल पाहिले आहेत.

जिल्हा परिषदेच्या शिक्षकांच्या बदल्यांकडे तर कंपन्यांनी मुद्दाम पाहावं. २०१७ च्या शासन निर्णयापासून त्या संगणकावर होऊ लागल्या. घोळ झाले, मोर्चे निघाले, न्यायालयात धाव घेतली गेली. तरीही त्यामागचा विचार पक्का होता. अवघड क्षेत्र कोणतं आणि सोपं कोणतं हे आधी जाहीर करायचं, रिकाम्या जागांची यादी सगळ्यांना दाखवायची, दिव्यांग, विधवा, गंभीर आजारी यांचा नंबर पुढे, नवरा-बायको लांब असतील तर त्यांना जवळ आणायचं, अवघड गावात वर्षं काढलेल्याला आता सोप्या जागेचा हक्क द्यायचा आणि मग पसंतीक्रम मागवायचा. गडचिरोलीच्या किंवा मेळघाटच्या शाळेत पाच वर्षं काढलेल्या गुरुजींना आपण कधी परतणार हे विचारण्याची सोय झाली. आपल्याकडच्या किती कंपन्या कर्मचाऱ्यांना रिकाम्या जागांची यादी दाखवतात? आमच्याकडे ती यादी कुलुपात असे. कुलूप लावायचं काम माझं होतं.

आता बायकोच्या नोकरीबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण फॉर्मवरच्या 'कुटुंबीयांची संख्या' या रकान्यात सगळ्यांत जास्त दडलेलं तेच असतं. २०२०-२१ च्या सरकारी श्रमबल पाहणीत गाव सोडलेल्या स्त्रियांपैकी सुमारे ८७ टक्क्यांच्या बाबतीत कारण लग्न हे होतं, आणि साधारण ७ टक्के बायका घरातल्या कमावत्या माणसामागे किंवा आईवडिलांमागे गेलेल्या होत्या. आपल्या बाईचं पहिलं स्थलांतर लग्नाने ठरतं आणि दुसरं नवऱ्याच्या साहेबाच्या सहीने. लग्नानंतर नव्या गावात चार वर्षं घालवून तिने शाळेत, बँकेत किंवा पतपेढीत नोकरी मिळवलेली असते. नवऱ्याची बदली होते. तिच्या राजीनाम्याची किंमत कोणाच्या हिशेबात येते? घराच्या हिशेबात येते. वीस हजारांची पगारवाढ झाली म्हणून पेढे वाटले जातात आणि पस्तीस हजारांचा दुसरा पगार थांबलेला असतो. मी बदलीची बोलणी करायला बसे तेव्हा बायकांना बोलावत नसे, ही माझी चूक होती. एकदा एक बाई स्वतःहून नवऱ्याबरोबर आल्या. महापालिकेच्या शाळेत शिक्षिका. त्यांनी एवढंच विचारलं, "माझी बदली तिकडे होऊ शकत नाही, मग यांची इकडे का थांबू शकत नाही?" माझ्याजवळ धोरण होतं, उत्तर नव्हतं.

सरकारी नोकरीतल्या नवरा-बायकोला शक्यतो एकाच ठिकाणी ठेवावं असा केंद्राचा जुना नियम आहे. २०२२ मध्ये केंद्रीय उत्पादन शुल्क आणि सीमाशुल्क खात्याच्या कर्मचाऱ्यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सरकारचं बदलीविषयक धोरण रद्द केलं नाही, पण पती-पत्नी, दिव्यांग आणि खरोखर अडचणीत असलेल्यांसाठी त्याचा पुन्हा विचार करा असं बजावलं, आणि कौटुंबिक जीवन ही जपण्याची गोष्ट आहे हे स्पष्ट केलं. खासगी कंपन्यांवर हा निकाल थेट बंधनकारक नाही. पण त्यातला विचार कुठल्याही मालकाला समजण्यासारखा आहे. नव्या शहरात आपल्याच पुरवठादारांकडे, आपल्याच शाखेत, ओळखीच्या संस्थेत त्या बाईंसाठी चार ठिकाणी शब्द टाकणं याला कंपनीला कितीसा खर्च येतो?

मुलांचं दुःख लवकर दिसत नाही. चेन्नईहून सातवीत पुण्याला आलेल्या मुलासमोर मराठीची अ-आ-इ येते, कारण २०२० च्या कायद्यापासून राज्यातल्या सगळ्या मंडळांच्या शाळांत मराठी टप्प्याटप्प्याने सक्तीची झाली. ती व्हायला हवी होती असं मी मानते. आपलं मूल बेंगळुरूला गेलं की कन्नडचंही तसंच. दोन्ही राज्यांचं बरोबर आहे. मधे सापडतं ते मूल, आणि त्याला सहा महिने शिकवणी लावायची तर ती कुणी लावायची? गंमत पाहा, गाडीसाठी मात्र सोय झाली. २०२१ मध्ये 'बीएच' नंबर प्लेट आली. चार किंवा जास्त राज्यांत कार्यालयं असणाऱ्या खासगी कंपनीच्या कर्मचाऱ्यालाही ती मिळते, आणि राज्य बदललं तरी गाडीची नोंदणी बदलायची कटकट नाही. गाडीला जे सुख मिळालं त्याच्या निम्मं तरी मुलाला मिळावं, एवढंच मागणं आहे. शिक्षण हक्क कायद्यात शाळा सोडल्याचा दाखला ताबडतोब द्यावा, तो उशिरा आला म्हणून प्रवेश नाकारू नये असं आहे. तरीही नोव्हेंबरात बदली झालेल्या किती बापांनी दाखल्यासाठी खेटे घातले ते मी पाहिलं आहे. नोव्हेंबरातली बदली एप्रिलपर्यंत थांबू शकली असती का, हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता, हीच त्यातली चूक.

इथे एक आक्षेप येतो, आणि तो मराठी माणसाने ऐकून घ्यायला हवा. म्हणतात, मराठी माणूस घर सोडत नाही, त्याला पुण्या-मुंबईच्या बाहेर नको असतं, म्हणून तो मागे पडतो. मला हा आरोप पुरता मान्य नाही. कोकणातला चाकरमानी पिढ्यान्‌पिढ्या घर सोडून गिरणगावात आला. पण कसा आला? एकटा. दहा बाय दहाच्या खोलीत गाळ्यातल्या माणसांबरोबर पाळीने झोपायचं, खानावळीत जेवायचं, आणि महिन्याच्या महिन्याला मनिऑर्डर गावी पाठवायची. बायको, म्हातारी, शेती, गुरं सगळं गावी. गिरण्या चालल्या त्या या बायकांच्या एकट्या राबण्यावर आणि खानावळ चालवणाऱ्या दुसऱ्या बायकांच्या जोरावर. त्या खानावळवाल्या बायकांना सावकाराच्या तावडीतून सोडवायला १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांना अन्नपूर्णा महिला मंडळ उभं करावं लागलं. गिरणीमालकाने आपल्या कामगाराच्या कुटुंबाचा खर्च आपल्या हिशेबात कधी धरला नाही. गाव आणि बाई तो भरत होत्या.

होसूरहून महिन्यातून दोनदा बसने येणारे आमचे इन्स्पेक्टर मला त्या चाकरमान्याचेच वंशज वाटतात. पगार जास्त, खोली चांगली, बस वातानुकूलित. हिशेब तोच. आज हिंजवडीत, चाकणला, रांजणगावला किंवा बाहेर श्रीपेरुंबुदूर, साणंद, गुरगावला अशी किती तरी माणसं पीजीच्या खोलीत राहतात आणि शनिवार-रविवारचं तिकीट दोन महिने आधी काढून ठेवतात. शंभर वर्षांत आपण याच्या पुढे यायला हवं होतं.

कंपनीची बाजू मला माहीत आहे, मी ती मांडत आले आहे. धंदा हलतो. नव्या कारखान्याला जुनी, जाणती माणसं लागतात. ती बाहेरून भरती करून मिळत नाहीत. बँकेत एका खुर्चीवर माणूस फार वर्षं बसला तर हितसंबंध तयार होतात, म्हणून संवेदनशील जागांवरच्या लोकांना फिरवत ठेवणं गरजेचंच आहे. आणि पुष्कळ तरुण मुलांना खरोखर बाहेर जायचं असतं. आमच्याकडे होसूरला जायला तिशीच्या आतले तीन जण आपणहून तयार होते. त्यांना आम्ही विचारलंच नाही, कारण यादी वरून ठरून आली होती. फिरतीचं धोरण हवं की नको, हा माझा वादच नाही. कोण फिरणार हे आधी ठरवून मग त्याला 'कळवणं' ही पद्धत मला नामंजूर आहे. जागा जाहीर करा, अटी जाहीर करा, मुदत जाहीर करा, इच्छुकांना पुढे येऊ द्या. मग ज्याची खरोखर गरज आहे त्याच्याशी बोला. आणि त्याने नाही म्हटलं तर त्याची पुढची तीन वर्षं त्या 'नाही'ची किंमत मोजण्यात जाऊ देऊ नका. आमच्याकडे नकार दिलेल्या माणसाच्या नावापुढे पेन्सिलने एक फुली मारली जाई आणि पुढच्या प्रमोशनला ती फुली उघडली जाई. ती कुठे छापलेली नव्हती, पण सगळ्यांना माहीत होती. म्हणूनच लोक नाही म्हणत नसत, आणि चौदा महिन्यांनी राजीनामा देत.

मुदतीवर मी विशेष भर देते. 'दोन वर्षांसाठी जा, मग परत बोलावू' असं तोंडी सांगितलं जातं. सांगणारा साहेब स्वतःच वर्षभरात दुसऱ्या कंपनीत जातो. परत येण्याची तारीख बदलीच्या पत्रातच लिहिली, तर घर विकायचं की भाड्याने द्यायचं, मुलाला होस्टेलला ठेवायचं की बरोबर न्यायचं, आईला भावाकडे ठेवायचं का, हे सगळे निर्णय माणूस शांतपणे घेऊ शकतो. तारीख नसली की कुटुंब ना इकडचं राहतं ना तिकडचं. आणि पैशाबद्दल एकच सांगते. बेंगळुरूसारख्या शहरात घरमालक कित्येकदा पाच-पाच, दहा-दहा महिन्यांचं भाडं डिपॉझिट म्हणून मागतो. भाडं पंचवीस हजार धरलं तरी ही रक्कम सव्वा ते अडीच लाखांवर जाते. वर एजंटाची दलाली, पॅकर्स-मूव्हर्सवाल्याचा खर्च, जुन्या घराचं एक महिन्याचं बुडलेलं भाडं. ज्या कर्मचाऱ्याची जमापुंजीच तेवढी आहे, तो हे पैसे आणणार कुठून? कंपनीने डिपॉझिट स्वतःच्या नावावर भरावं, घर सोडताना ते परत घ्यावं. पैसे कंपनीचेच राहतात, माणसाची झोप वाचते.

घरं बांधून दिली म्हणजे काम झालं असंही समजू नये. सुरतचं हिऱ्यांचं संकुल १७ डिसेंबर २०२३ ला थाटात सुरू झालं. चार हजारांहून जास्त कार्यालयांची ती इमारत. मुंबईतला एक मोठा हिरे उद्योग वांद्रे-कुर्ला संकुलातलं काम गुंडाळून तिकडे गेला, कर्मचाऱ्यांसाठी घरंही बांधली. काही महिन्यांतच त्याला मुंबईतलं कामकाज पुन्हा सुरू करावं लागल्याच्या बातम्या आल्या. व्यापार मुंबईत राहिला होता, बाकीचे व्यापारी आले नव्हते. इमारत आणि फ्लॅट यांचं नियोजन उत्तम होतं. माणूस ज्या शंभर धाग्यांनी एका गावाला बांधलेला असतो, त्यांचं नियोजन एकट्या मालकाच्या हातात नव्हतं. एवढ्या पैशाच्या आणि इच्छाशक्तीच्या मालकाला जे जमलं नाही, ते एका कारकुनाच्या तीन सह्यांच्या फॉर्मने जमेल अशी अपेक्षा आपण करतो.

निवृत्तीच्या आधीच्या वर्षी मी त्या फॉर्ममध्ये दोन रकाने घालायचा प्रस्ताव दिला. 'घरात कुणाचे नियमित औषधोपचार चालू आहेत का, कोणते' आणि 'जोडीदाराची नोकरी, मुलांची इयत्ता'. खाली एक ओळ: 'बदली नको असल्यास कारण न देता कळवता येईल.' पहिले दोन रकाने मंजूर झाले. शेवटची ओळ कापली गेली.

कंपन्यांमध्ये एप्रिलच्या बदल्यांच्या याद्या जानेवारी-फेब्रुवारीतच तयार होतात. हे वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या टेबलावर अशी यादी असेल, तर माझी हात जोडून विनंती आहे. यादी वर पाठवण्याआधी तिच्यातल्या प्रत्येकाला एकदा बोलवा, जमलं तर घरच्यांसह, आणि विचारा की तुमच्या घरात सोमवार ते शनिवार कोण कुठे जातं. डायलिसिसची सकाळी सातची पाळी तिथेच कळेल.